बारावीला ८८ टक्के, नीटला ३१२: आता काय करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी जालन्याची, राज्य मंडळातून बारावी, पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ३०० पैकी २६४ म्हणजे ८८ टक्के. २०२५ च्या नीटला मात्र ७२० पैकी ३१२ (फिजिक्स ४१, केमिस्ट्री ८८, बायोलॉजी १८३). प्रवर्ग ओबीसी, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत. बारावीच्या चांगल्या मार्कांचा एमबीबीएसला काही उपयोग होईल का, नाहीतर रिपीट करावे की बीएएमएस घ्यावे, आणि परदेशाचे जे कोणी सुचवतेय ते कितपत खरे.

पहिल्या भागाचे उत्तर एका शब्दात देता येते: नाही. एमबीबीएससाठी बारावीचे मार्क फक्त दारावरच्या तपासणीला लागतात. खुल्या प्रवर्गाला पीसीबीत ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. ते असले की ८८ आणि ५५ यांत काडीचा फरक नाही. दोघींचे नीटचे गुण सारखे आले तरी बरोबरी सोडवायला आधी बायोलॉजीचे, मग केमिस्ट्रीचे, मग फिजिक्सचे नीटमधलेच गुण पाहतात. म्हणून 'टक्केवारी सुधारायला बारावी पुन्हा देऊ का' हा विचार आला असेल तर सोडून द्या. पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात) चाचणी आणि मुलाखत असते खरी, पण तिथे बोलावणे येते तेही नीटच्या गुणांवरच.

खरा प्रश्न वेगळा आहे. जी मुलगी बोर्डात ८८ टक्के आणते तिला नीटला ४३ टक्केच का पडले, आणि ते कारण दहा महिन्यांत दुरुस्त होण्यासारखे आहे का? रिपीट, बीएएमएस, परदेश ही सगळी उत्तरे यानंतरची.

आधी ८८ टक्के सोलून बघू. प्रत्येक विषयाला प्रॅक्टिकलचे ३० मार्क असतात आणि बहुतेक मुलांना त्यात २९-३० मिळतात. तिन्ही विषयांचे मिळून ९० पैकी ८८ धरले तर थिअरीत उरतात २१० पैकी १७६, म्हणजे ८४ टक्के. वाईट नाहीत. पण फिजिक्सच्या ७० मार्कांच्या पेपरात बहुपर्यायी प्रश्न दहाच मार्कांचे. बाकी व्याख्या, डेरिव्हेशन, फरक स्पष्ट करा. शिवाय दोन मार्कांचे १२ पैकी ८ आणि तीन मार्कांचे १२ पैकी ८ सोडवायचे, म्हणजे नको ते धडे टाकून देण्याची मुभा. जे येते ते नीटनेटके लिहिण्याची सवय बोर्ड घडवते. नीटला मुभा नाही: १८० प्रश्न, १८० मिनिटे, बरोबरला चार, चुकल्यास एक वजा, आणि गणित अर्धे सोडवले तर अर्धे मार्क नाहीत.

दुसरे कारण पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. बोर्डाचा निकाल फक्त बारावीच्या अभ्यासक्रमावर लागतो. नीट अकरावी-बारावी दोन्हींवर. त्यात राज्य मंडळाची पुस्तके आणि एनसीईआरटी (केंद्राची पुस्तके, ज्यांवर नीट बेतलेली असते) यांची धड्यांची मांडणी जुळत नाही. रोटेशनल डायनॅमिक्स, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स आपल्याकडे बारावीत आहेत, एनसीईआरटीत अकरावीत. उलट रे ऑप्टिक्स आणि सेमीकंडक्टरची मूलतत्त्वे, जिथे नीटला सरळ सूत्रावरचे हमखास प्रश्न येतात, ते आपली मुले अकरावीत शिकतात आणि नंतर त्या पानांकडे फिरकतही नाहीत. बायोलॉजीत प्राणीसृष्टी, प्रकाशसंश्लेषण, उत्सर्जन संस्था या धड्यांची हीच गत. अकरावी 'आरामाचे वर्ष' गेली असेल तर ३१२ मध्ये आश्चर्य काहीच नाही, आणि एका अर्थी ही बरी बातमी आहे. न वाचलेले वाचता येते.

यातले कारण कोणते हे अंदाजाने ठरवू नका. नीट घेणारी संस्था एनटीए प्रत्येकाची ओएमआर (गोल भरायची) उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची उपलब्ध करून देते. त्या समोर ठेवून मुलीने स्वतः १८० प्रश्नांवर खुणा करायच्या: बरोबर, चूक, सोडलेला. चुकलेल्यांपुढे एक अक्षर: 'न' म्हणजे माहीतच नव्हते, 'अ' म्हणजे दोन पर्यायांत अडकले, 'ग' म्हणजे आकडेमोड किंवा प्रश्न वाचण्यात घाई, 'व' म्हणजे वेळ संपत आला म्हणून काहीतरी गोल भरला. दोन-तीन तासांचे काम आहे. समुपदेशनाला येणाऱ्या प्रत्येकाकडून मी हे आधी करून घेतो, कारण नुसत्या एकूण गुणांवरून काही कळत नाही.

तुमच्याच मुलीचे १८३ घ्या. ४८ बरोबर, ९ चूक आणि ३३ सोडलेले असतील तरी १८३ होतात. ५४ बरोबर, ३३ चूक आणि ३ सोडलेले असतील तरीही १८३च. पहिल्या मुलीने जे वाचले ते पक्के आहे, पण एक तृतीयांश अभ्यासक्रम तिने उघडलाच नाही. तिला नवे धडे हवेत. दुसरीने सगळे वाचलेय पण धूसर. तिला नवे काहीही न देता एनसीईआरटीच्या त्याच ओळी, आकृत्या, तक्ते पुन्हा पुन्हा हवेत. क्लासवाले दोघींना एकाच बॅचमध्ये बसवून पहिल्या धड्यापासून सुरू करतात, आणि दुसरीचे वर्ष तिथेच वाया जाते. फिजिक्सचे ४१ सुद्धा असेच: १२ बरोबर, ७ चूक आणि २६ कोरे, किंवा १६ बरोबर, २३ चूक आणि ६ कोरे.

निगेटिव्ह मार्किंगबद्दल एक गैरसमज इतका पसरलाय की इथेच सांगतो. तुक्क्याने गुण बुडतात असे सगळे म्हणतात. हिशेब करून पाहा: चार पर्यायांत डोळे मिटून चार प्रश्नांवर खूण केली तर सरासरी एक बरोबर, तीन चूक, चार वजा तीन, एक गुण हातात. एक पर्याय नक्की खोटा असे ठरवता आले तर फायदा आणखी वाढतो. मग गुण जातात कुठे? 'अ' आणि 'ग' या खुणांच्या प्रश्नांत. चुकीचे पर्याय नेहमीच्या चुकांवरूनच बेतलेले असतात: एकक बदलायचे राहिले तर येणारे उत्तर पर्यायांत असते, चिन्ह चुकले तर येणारेही असते. अर्धवट माहितीवर आत्मविश्वासाने खूण केली की पाचात एकही बरोबर येत नाही, आणि तिथून तोटा सुरू. म्हणून 'कमी प्रश्न सोडव' हा सल्ला अपुरा आहे. एक चूक उत्तर बरोबर झाले तर पाच गुण वाढतात, तेच कोरे ठेवले तर फक्त एक वाचतो.

आता दहा महिन्यांत किती वाढू शकते याचा ढोबळ हिशेब. बायोलॉजीत ७५ बरोबर, १० चूक म्हणजे २९०. केमिस्ट्रीत ३४ बरोबर, ८ चूक म्हणजे १२८. फिजिक्समध्ये २६ बरोबर, १२ चूक म्हणजे ९२. एकूण ५१०. यात फिजिक्सला ४५ पैकी २६ च प्रश्न बरोबर हवेत हे लक्षात घ्या. ४१ वाल्या मुलीला १५० चे उद्दिष्ट दिले की ती सहा महिने रोटेशनच्या अवघड गणितांत घालवते आणि बायोलॉजी तशीच राहते. तिने आधी करंट इलेक्ट्रिसिटी, रे ऑप्टिक्स, मॉडर्न फिजिक्स, सेमीकंडक्टर, कार्य-ऊर्जा, थर्मोडायनॅमिक्स, एकक-मिती असे सरळ प्रश्नांचे धडे पक्के करावेत. १९८ गुणांच्या या वाढीत १०७ एकट्या बायोलॉजीचे आहेत. तिथे ९० प्रश्न असतात आणि वाचनाला थेट फळ मिळते. केमिस्ट्रीत इनऑरगॅनिकसाठी एनसीईआरटी शब्दशः, फिजिकलसाठी मोल संकल्पना आणि समतोल यांवरची रोज दहा गणिते, ऑरगॅनिकसाठी अभिक्रियांचे एकच हस्तलिखित पान जे रोज कोऱ्या कागदावर उतरवायचे. प्रश्नसंच घेताना तो २०२४ पासूनच्या बदललेल्या अभ्यासक्रमाचा आहे ना ते बघा. जुन्या संचांत वगळलेले धडे असतात.

सराव परीक्षा दुपारी दोन ते पाच या वेळेतच, छापील पेपरवर, ओएमआर बॉलपेनने भरून. मोबाइलवरच्या टेस्टने गोल भरण्याचा वेळ आणि पेपरची पाने उलटण्याचा वेळ कळत नाही. बायोलॉजी ५० मिनिटे, केमिस्ट्री ५०, फिजिक्स ६५, उरलेली १५ मिनिटे राखीव, ही विभागणी बहुतेकांना जमते. कुणाला फिजिक्स आधी बरे वाटते, ते सरावातच ठरवायचे. गोल प्रत्येक पानानंतर भरावेत, शेवटी एकदम नाही. एक प्रश्न सोडताना खालचा गोल वर सरकला तर पुढची सगळी ओळ चुकते, आणि हे चांगल्या मुलांच्या बाबतीतही घडते. प्रत्येक पेपरनंतर वर सांगितलेली न-अ-ग-व खूण. तीन पेपर झाले की कोणते अक्षर जास्त येतेय ते दिसते.

आता रिपीट करावे का. इथे परिस्थिती पाहावी लागते. ओएमआरच्या तपासणीत 'न' आणि कोरे प्रश्न जास्त असतील, अकरावी कच्ची राहिली असेल, आणि मुलगी स्वतः म्हणत असेल की मला पुन्हा द्यायची आहे, तर पहिला रिपीट मी सुचवेन. अभ्यासक्रम दोनदा पूर्ण झालेला, वर्षभर टेस्ट सिरीज दिलेली, तिथेही गुण ३०० ते ३३० च्या आसपासच घुटमळलेले, आणि चुका बहुतांश 'अ' आणि 'ग', तर नुसते आणखी एक वर्ष देऊन फार फरक पडत नाही. अभ्यासाची पद्धत बदलणार असेल तरच द्यावे. हीच जर तिसरी परीक्षा असती तर मी नाही म्हटले असते. नीट किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही आता नाही. त्यामुळेच कुठे थांबायचे ते घरानेच ठरवावे लागते, आणि ते निकालाच्या दिवशी न ठरवता आत्ताच ठरवावे.

लातूर-नांदेडची रिपीटर बॅच की घरी राहून अभ्यास, हाही त्याच खुणांचा प्रश्न आहे. शिस्त आणि नियमित परीक्षा हवी असेल तर बॅच उपयोगी. पण प्रवेश घेताना दोन गोष्टी विचारा: एका वर्गात किती मुले, आणि टेस्टनंतर चुकलेले प्रश्न बसून कोण समजावते. दुसऱ्याचे उत्तर गुळमुळीत आले तर वर्षाची फी टेस्ट पेपरांसाठीच जाणार आहे असे समजा. पेपरची भाषा अर्जातच निवडावी लागते. मराठीचा पर्याय आहे, पण अनुवादात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात, आणि बारावी इंग्रजीतून केलेल्या मुलीला मराठी पारिभाषिक शब्द उलट अडखळवतात.

रिपीटचे ठरले तरी यंदाची प्रवेशप्रक्रिया पाहायची सोडू नका. २०२५ ला पात्रतेची रेषा सर्वसाधारण प्रवर्गाला १४४ आणि ओबीसीला ११३ होती, म्हणजे मुलगी पात्र आहे. पण पात्र ठरलेले बारा लाखांहून जास्त आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यामुळे 'क्वालिफाय' या शब्दावर हुरळून जायचे कारण नाही. गेल्या वर्षीचा कट-ऑफ गुणांत बघू नका, क्रमांकात बघा. २०२४ ला साडेसहाशे गुण मिळूनही हजारोंच्या क्रमांकावर राहिलेली मुले होती; २०२५ ला फिजिक्स इतके अवघड आले की साडेसहाशेच्या वर देशात शंभरही नव्हते. राज्याचे प्रवेश पाहणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या कॅप राउंडच्या (केंद्रीय प्रवेशफेरीच्या) निवड याद्या असतात. त्यांत ओबीसी प्रवर्गातल्या मुलींची शेवटची जागा कोणत्या ऑल इंडिया रँकवर आणि राज्य गुणवत्ता क्रमांकावर गेली ते काढा आणि आपला क्रमांक त्याशेजारी ठेवा. मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण असल्याने मुलांची यादी पाहून घाबरू नका. मराठवाड्याचा वेगळा कोटा मात्र धरू नका. ७०:३० चे सूत्र (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) २०२० मध्येच रद्द झाले, तरी लोक अजून ते सांगत असतात.

तुमच्या बाबतीत एक मोठी गोष्ट आहे, ती प्रश्नात आलेली नाही. २०२४-२५ पासून राज्य शासन ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करते. प्रवेश कॅपमधून झालेला हवा. अभिमत (डीम्ड) विद्यापीठे आणि संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरते त्या, जागा यात येत नाहीत. म्हणजे तुमच्या मुलीचे उद्दिष्ट 'सरकारी कॉलेज' इतके उंच ठेवायची गरज नाही. राज्य कोट्यातून खासगी कॉलेजची एमबीबीएसची जागा मिळाली तरी शिक्षण शुल्काचा बोजा उरत नाही; हॉस्टेल, मेस, पुस्तके, अनामत हे खर्च राहतात. सरकारी आणि खासगी यांच्या शेवटच्या क्रमांकांत जे अंतर असते तेवढा पल्ला तिचा कमी झाला, आणि रिपीटचा निर्णय बदलायला एवढे पुरेसे असू शकते. माफीचे पैसे महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलमार्फत मागाहून येतात, तेव्हा प्रवेशाच्या दिवशी कॉलेज किती भरायला सांगते ते आधी फोन करून विचारा. हेच मुलगा असता तर ५० टक्केच सवलत होती आणि माझा सल्ला वेगळा असता.

बीएएमएसबद्दल. ३१२ ला सरकारी आयुर्वेद महाविद्यालय कठीण, खासगी आवाक्यात येऊ शकते. ते क्रमांक पाहूनच कळेल. साडेचार वर्षे आणि एक वर्ष इंटर्नशिप. मुलीला आयुर्वेद शिकायचे असेल तर अवश्य घ्या. 'डॉक्टर हे नाव तरी लागेल' म्हणून घेत असाल तर संस्कृत संहिता आणि द्रव्यगुण यांच्यासमोर ती दुसऱ्या महिन्यातच कंटाळेल. जागा घेऊन शेजारी नीटचा अभ्यास करायची युक्ती सांगणारे भेटतील. सकाळी नऊ ते पाच हजेरी असताना नीटला वेळ उरत नाही, शिवाय शेवटच्या फेरीनंतर जागा सोडली तर दंड आणि मूळ कागद परत मिळवण्याची यातायात. माहितीपुस्तिकेतले प्रवेश रद्द करण्याचे कलम वाचल्याशिवाय हे करू नका. पशुवैद्यकीचा पर्याय आपल्याकडे फार कमी लोक बघतात. बीव्हीएससीसाठी नागपूरचे पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ नीटचेच गुण धरते, पण अर्ज वेगळा भरावा लागतो. परभणी आणि उदगीर तुम्हाला जवळ. ग्रामीण भागातल्या मुलीला मी हे बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या) आधी सुचवतो. फिजिओथेरपीचा प्रवेशही राज्यात नीटच्या गुणांवरच होतो, तिची फेरी आयुषच्या (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) नंतरच्या गटात असते.

परदेशाबद्दल, तिकडे पाठवणाऱ्या एजंटला चार प्रश्न विचारा. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आहे का? त्याच संस्थेत वेगळी १२ महिन्यांची इंटर्नशिप आहे का? शिकवणे इंग्रजीतून आहे का? ती पदवी घेऊन त्याच देशात डॉक्टर म्हणून नोंदणी होते का? नोव्हेंबर २०२१ पासूनच्या नियमांत या चारही अटी आहेत. एकही हुकली तर भारतात नोंदणी होत नाही. परतल्यावर परवाना परीक्षा (एफएमजीई), मग इथे आणखी वर्षाची इंटर्नशिप. अलीकडच्या सत्रांत एफएमजीई उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या खालीच राहिले आहे. आणि ती परीक्षाही पर्यायी प्रश्नांचीच! बोर्डात चांगली आणि पर्यायी प्रश्नांत अडखळणारी मुलगी त्याच अडचणीला सहा वर्षे आणि मोठे कर्ज घालून पुन्हा सामोरी जाईल. नीटचा निकाल परदेशासाठी तीन वर्षे चालतो, त्यामुळे 'यंदाच जा, नाहीतर संधी गेली' हे खरे नाही. एक रिपीट करून मग हा विचार करता येतो.

अभिमत विद्यापीठांत ३१२ ला एखादी जागा निघू शकते, पण बहुतेक ठिकाणी फी वर्षाला वीस लाखांच्या वर. त्या जागा भरणाऱ्या केंद्राच्या एमसीसी समितीची अनामतच दोन लाख, आणि शेवटच्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तर तीही जप्त. तुमच्या उत्पन्नात हा रस्ता नाही. 'संस्थेच्या कोट्यातून बसवून देतो' म्हणणाऱ्याचा फोन आला तर इतकेच सांगा की तुझी फेरी आणि क्रमांक सीईटी सेलच्या यादीत दाखव.

यंदा कॅप भरणार असाल तर पसंतीक्रम मनातल्या खऱ्या क्रमानेच भरा. वर अवघड कॉलेज टाकले म्हणून खालचे हातातून जात नाही. जिथे जायचेच नाही ते मात्र यादीत टाकू नका, जागा तिथेच लागते.

कागदांत सर्वांत जास्त घोळ जात वैधतेचा होतो. प्रमाणपत्र नसेल तर मुलगी राज्याच्या यादीत खुल्या प्रवर्गात ढकलली जाते आणि वरची शुल्कमाफीची सगळी गणिते कोलमडतात. जात पडताळणी समितीकडे अर्ज केलेला नसेल तर याच आठवड्यात करा, वडिलांच्या बाजूच्या कुणाची वैधता झालेली असेल तर तिची प्रत जोडा. नॉन-क्रीमीलेअर चालू मुदतीचे हवे. ऑल इंडिया कोट्यासाठी (सरकारी कॉलेजांतल्या देशपातळीवर भरल्या जाणाऱ्या जागांसाठी) केंद्राच्या नमुन्यातले ओबीसी प्रमाणपत्र वेगळे लागते, आणि राज्यात ओबीसी असलेली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत नसते. ते नीटचा पुढचा अर्ज भरण्याआधी तपासा. डोमिसाईल असू द्या. रिपीट केल्यास पुढच्या वर्षी गॅपचे प्रतिज्ञापत्रही लागेल, ते तहसीलमध्ये एका दिवसात होते.

ओएमआरची तपासणी झाली की विषयवार बरोबर, चूक आणि कोरे असे नऊ आकडे इथेच लिहा. त्यावरून वर सांगितलेल्या दोन मुलींपैकी तुमची कोणती ते सांगता येईल.